डंजनमध्ये वेग कोण ठरवतं? टँक, हीलर आणि डीपीएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, म्हणजे आपलं वॉव, आणि फायनल फँटसी १४ या दोन ऑनलाइन खेळांत अनोळखी लोकांबरोबर डंजनला, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात गटाने, जाणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शेवटी थोडं बीजीएमआय आणि व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळांबद्दलही आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. मी जास्त करून हीलर खेळते. उत्तरांत हीलरला झुकतं माप दिसलं, तर ते दिलेलं आहेच.

टँक, हीलर, डीपीएस म्हणजे थोडक्यात काय?

टँक शत्रूचा मार स्वतःच्या अंगावर घेतो, हीलर त्याला आणि बाकीच्यांना जिवंत ठेवतो, डीपीएस शत्रू मारतो. वॉवच्या डंजनमध्ये पाच जण असतात: एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस. फायनल फँटसीत चारच, डीपीएस दोन.

पुढे टँक चालतो, म्हणजे वेग तोच ठरवतो ना?

पाय त्याचेच असतात. पुढचा घोळका कधी अंगावर घ्यायचा, एक घ्यायचा की दोन, हे त्याच्या हातात आहे. शत्रूंना असं अंगावर ओढून घेणं म्हणजे ‘पुल’. पण पुल किती मोठा झेपेल, हे टँकच्या मनावर नसतं. हीलरकडे माना (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) किती उरलाय, टँकचे स्वतःचे बचावाचे कूलडाउन (एकदा वापरली की काही वेळाने परत मिळणारी बटणं) मोकळे आहेत का, आणि डीपीएस किती लवकर मारतायत, या तीन गोष्टींवर ते ठरतं. चांगला टँक प्रत्येक पुलआधी हीलरच्या मानाच्या पट्टीकडे एक नजर टाकतो. ही नजर अर्ध्या सेकंदाची असते आणि निम्मे वाइप (अख्खा गट मरणं) तेवढ्यानेच टळतात, असं माझं मत.

सह्याद्रीत ट्रेकला लीड पुढे असतो आणि टेल सगळ्यांच्या मागे. वाट लीड दाखवतो, पण गट किती वेगाने चालू शकतो हे टेललाच माहीत असतं. डंजनमध्ये टेलच्या जागी हीलर आहे. फरक एवढाच, की इथे टेलला हाक मारायला वेळ नसतो. त्याचे दोन्ही हात बटणांवर असतात.

वॉव क्लासिकमध्ये, म्हणजे वॉवच्या जुन्या रूपात, हे फार स्पष्ट दिसतं. तिथे मंत्र टाकल्यावर पहिली ५ सेकंद स्पिरिट या गुणामधून मिळणारा माना भरत नाही. सतत हील करणाऱ्याचा माना त्यामुळे आटतच जातो, आणि दोन पुलांच्या मध्ये त्याला खाली बसून पाणी प्यावं लागतं. टँक मागे न बघता पुढच्या खोलीत शिरला, की हीलर अजून पाणीच पीत असतो. त्या खोलीत टँक मेला तर चूक कोणाची, यावर गेली वीस वर्षं चॅटमध्ये भांडणं चालू आहेत. माझ्या मते टँकची.

मी डीपीएस आहे. टँकच्या आधी मी पुल केला तर काय बिघडतं?

खेळ कुठला यावर अवलंबून आहे, पण आधी आतली यंत्रणा समजून घ्या. प्रत्येक शत्रू आपल्या मनात एक यादी ठेवतो: कोणी मला किती त्रास दिला. या त्रासाला वॉवमध्ये थ्रेट आणि फायनल फँटसीत एनमिटी म्हणतात. बोलताना सगळे ‘ॲग्रो’ म्हणतात. यादीत जो वर, त्याच्यावर शत्रू तुटून पडतो. टँकच्या प्रत्येक फटक्याचा थ्रेट कितीतरी पटींनी वाढवून मोजला जातो, म्हणून कमी नुकसान करूनही तो यादीत वर राहतो. वॉवमध्ये टँककडून शत्रू हिसकावायचा असेल, तर जवळून लढणाऱ्याला टँकच्या ११० टक्के आणि लांबून लढणाऱ्याला १३० टक्के थ्रेट ओलांडावा लागतो.

तुम्ही आधी बाण मारलात की यादीत पहिलं नाव तुमचं. टँक नंतर येऊन ते पुसतो, पण तोवरचा मार तुमच्या अंगावर. हीलरने टँकसाठी राखलेला हील तुमच्यावर खर्च होतो. शिवाय चार शत्रू चार दिशांना पांगतात आणि टँकला ते गोळा करत फिरावं लागतं. म्हणजे घाई तुम्ही केलीत आणि गट उलट मंदावला.

हल्लीच्या वॉव आणि फायनल फँटसीत टँकची पकड इतकी घट्ट आहे, की एका फटक्यात तो सगळे परत घेतो. म्हणून अनुभवी गटांत डीपीएसने पुल केला तरी कोणी भुवई उंचावत नाही. पण अनोळखी टँकबरोबर तसं करू नका. तो नवा असेल, किंवा पुढच्या वळणावर थांबायचा त्याचा विचार असेल. फायनल फँटसीच्या जुन्या मंडळींचा याबाबतीत एक रांगडा नियम आहे: ज्याने ओढलं त्याने झेलायचं. विनोद म्हणून ठीक आहे. टँकने खरोखरच हात बांधून उभं राहावं, हे मला पटत नाही. त्यात शेवटी सगळ्यांचाच वेळ जातो.

मी हीलर आहे. टँक सुसाट पळतोय आणि घोळके माझ्याच मागे लागतायत. काय करू?

टँककडे पळा. टँकपासून लांब पळू नका. नव्या हीलरला हे सर्वांत उलटं वाटतं आणि सर्वांत आधी हेच शिकायला हवं.

तुमच्याच मागे का लागतात, ते बघा. हील केल्यानेही थ्रेट तयार होतो. वॉवमध्ये ढोबळमानाने हीलच्या आकड्याच्या निम्मा, आणि तो लढाईत असलेल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. आता टँक तीन घोळक्यांच्या जवळून नुसताच धावत गेला, कोणालाही फटका न मारता. शत्रू मागे लागले, पण कोणाच्याही यादीत टँकच्या नावापुढे आकडा नाही. तेवढ्यात तुम्ही पहिला हील टाकला. सगळ्या याद्यांत पहिलं नाव तुमचं. अशा वेळी तुम्ही मागे पळालात तर शत्रू टँकच्या पल्ल्याबाहेर जातात. टँकच्या अंगाला चिकटून उभे राहिलात, तर त्याच्या पुढच्या गोलाकार फटक्यात सगळे परत त्याच्याकडे.

दुसरं, टँकला दोन शब्द लिहा. ‘माना कमी’ किंवा ‘एकेक घोळका घेऊ या’. लोक हे लिहायचं टाळतात, मनातल्या मनात चरफडत राहतात आणि डंजन संपल्यावर मित्राला सांगतात. टँकला तुमच्या बाजूचं चित्र दिसत नसतं. त्याची तब्येत पुन्हा पुन्हा भरते, म्हणजे सगळं छान चाललंय, असं त्याला वाटतं.

आणि हो, टँकला धडा शिकवायचा म्हणून हील थांबवू नका. मोह मलाही होतो.

मोठा पुल घ्यायचा की नाही, हे कसं ठरवायचं?

आधी मोठा पुल का घेतात ते बघू. घोळक्यावर एकदम पडणारे हल्ले चार शत्रूंवर पडले काय आणि आठांवर पडले काय, मारायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दोन घोळके एकत्र घेतले की जवळजवळ निम्मा वेळ वाचतो. फायनल फँटसीतली पुढच्या पातळ्यांची बरीचशी डंजनं तर याच हिशेबाने बांधली आहेत: दोन घोळके, मग वाट अडवणारा अडथळा, ते मेले की अडथळा उघडतो. अडथळ्यापर्यंत सगळं ओढत नेणं तिथे सर्रास चालतं.

पण याची किंमत टँकच्या अंगावर पडते, आणि ती शेवटपर्यंत कमी होत नाही. आठही शत्रू एकाच वेगाने झिजतात आणि जवळजवळ एकदमच मरतात. तोवर आठही जण मारत असतात. म्हणून बचावाची बटणं एकामागोमाग एक वापरायची, सगळी एकदम नाही. फायनल फँटसीतलं रॅम्पार्ट घ्या: २० सेकंद मार २० टक्क्यांनी कमी होतो आणि ते ९० सेकंदांनी परत मिळतं. रॅम्पार्ट संपत आला की दुसरं काहीतरी. पॅलाडिन या टँकचं हॅलोड ग्राउंड १० सेकंद जवळजवळ अभेद्य करतं, पण परत यायला ७ मिनिटं लागतात. ते ‘बॉससाठी’, म्हणजे मोठ्या शत्रूसाठी, राखून ठेवणारे पॅलाडिन डंजन संपेपर्यंत ते वापरतच नाहीत. सगळ्यांत मोठ्या पुलवर वापरा. दुसरा एखादा पुल तेवढा मोठा नसतोच.

हीलरच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, जी टँकना सहसा माहीत नसते. फायनल फँटसीतल्या व्हाइट मेज या हीलरला ४५व्या पातळीवर होली हा मंत्र मिळतो. तो घोळक्याला नुकसान तर करतोच, पण सुन्नही करतो: पहिल्यांदा ४ सेकंद, मग २, मग १, आणि त्यानंतर परिणाम होत नाही. म्हणजे मोठ्या पुलच्या सुरुवातीची सात सेकंद शत्रू मारतच नाहीत. टँक एका जागी स्थिर असेल तरच हे जमतं. तो अजून इकडेतिकडे धावत असेल, तर निम्मे शत्रू होलीच्या बाहेर. धावताना धावा, थांबलात की थांबा. ४५च्या खालच्या डंजनमध्ये हे काहीच हाताशी नसतं, त्यामुळे तिथे टँक अडथळ्यापर्यंत पळत सुटला तर मी लगेच चॅट उघडते.

टँक फारच हळू आहे. मी काय करू?

थांबा. त्यातून मार्ग काढायचाच असेल तर ‘मोठे पुल चालतील, माना भरपूर आहे’ असं हीलरने लिहावं. हीलरकडून परवानगी आली की बहुतेक टँक मोकळे होतात. डीपीएसने तेच लिहिलं तर तो टोमणा वाटतो; का, ते मला विचारू नका, पण वाटतो.

मी नवा टँक आहे. लोक शिव्या देतील अशी भीती वाटते.

ही भीती जवळजवळ सगळ्यांना वाटते, म्हणूनच टँक कमी आहेत. एकट्याने सराव करायची सोय आता दोन्ही खेळांत आहे. फायनल फँटसीत ड्यूटी सपोर्ट आहे: कथेतल्या डंजनला संगणकाची पात्रं बरोबर घेऊन जायचं. २०२२च्या एप्रिलपासून जुन्या डंजनसाठीही ती यायला लागली. वॉवमध्ये अशीच फॉलोअर डंजनं जानेवारी २०२४ मध्ये आली. ही पात्रं कंटाळत नाहीत, चॅट करत नाहीत, तुम्ही वाट चुकलात तर मुकाट्याने मागून येतात. दोन-तीन फेऱ्या तिथे मारा, वाट पाठ करा, मग माणसांत या.

माणसांत आल्यावर पहिल्याच मिनिटाला लिहा: ‘पहिल्यांदा टँक करतोय.’ फायनल फँटसीत नवख्याच्या नावापुढे कोंबाचं चिन्ह असतंच. शिवाय गटात कोणी ते डंजन पहिल्यांदा करत असेल, तर सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. म्हणजे तुम्ही तिथे असण्याने बाकीच्यांचा फायदाच होतो.

आणि तुमच्या पुढे धावणाऱ्या डीपीएसच्या मागे धावू नका. एकदा धावलात की पुढच्या अर्ध्या तासाचा टँक तोच.

टँक एवढे कमी का मिळतात? रांगेत इतका वेळ का लागतो?

जबाबदारी जास्त आणि चूक सगळ्यांना दिसते. डीपीएस पाच सेकंद झोपला तरी कळत नाही, टँक झोपला की गट मरतो. कंपन्यांनाही हे दुखणं माहीत आहे. वॉवमध्ये अनोळखी लोकांचा गट जुळवून देणारा डंजन फाइंडर डिसेंबर २००९ मध्ये आला, तेव्हापासून डीपीएसची रांग हा चेष्टेचा विषय आहे. २०११ मध्ये वॉव बनवणाऱ्या ब्लिझार्डने ज्या भूमिकेची टंचाई असेल तिला जादा बक्षीस द्यायला सुरुवात केली. ब्लिझार्डच्याच ओव्हरवॉच या नेमबाजीच्या खेळात तर २०१९ मध्ये दोन टँक, दोन डीपीएस, दोन हीलर अशा भूमिका सक्तीच्या केल्या, आणि २०२२ च्या ओव्हरवॉच २ मध्ये एक टँक काढून संघ पाच जणांचाच केला. टंचाईवर उपाय म्हणून अख्ख्या खेळाचं गणित बदललेलं हे बहुधा सर्वांत मोठं उदाहरण.

पूर्वीही टँकच वेग ठरवायचा का?

नाही, आणि हे वाचायला मजा येईल. १९९९ च्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळात सहा जणांचा गट बहुतेक वेळा एका जागी तळ ठोकून बसायचा. शत्रू आणायचं काम ‘पुलर’चं, आणि तो अनेकदा मंक असायचा, कारण त्याला मेल्याचं सोंग घेता यायचं. नको तेवढे मागे लागले की हा आडवा पडणार, शत्रू परत फिरणार, मग उठून हवा तेवढा एकच घेऊन येणार. तळावर क्लेरिक, म्हणजे तिथला हीलर, मांडी घालून माना भरत बसलेला. त्याचा मोठा हील, कम्प्लीट हीलिंग, टाकायलाच १० सेकंद लागायची. मोठ्या बॉससमोर क्लेरिकांची साखळी लावून, एकाच्या मागे दुसरा असा मोजून तो टाकावा लागे.

तिथे वेग उघडपणे क्लेरिकच्या मानावर चालायचा. म्हणून एन्चँटर या जादूगाराला फार मान होता: तो क्लॅरिटी हा मंत्र टाकून सगळ्यांचा माना भरण्याचा वेग वाढवायचा. पुढे पुलरचं काम टँकमध्ये मिसळलं, तळ सुटला आणि गट चालायला लागला. हीलरचं वेगावरचं नियंत्रण गेलं नाही, फक्त दिसेनासं झालं.

मिथिक प्लसमध्ये घड्याळ असतं. तिथे कोण ठरवतं?

तिथे वेग आत जाण्याआधीच ठरलेला असतो. वॉवमध्ये २०१६ च्या लीजन या भागापासून आलेल्या या प्रकारात ठरावीक वेळेत सगळे बॉस मारायचे आणि शत्रूंचा कोटा शंभर टक्के भरायचा. कुठला घोळका घ्यायचा, कुठला सोडायचा, याचा नकाशा टँक आधीच आखून आणतो. ब्लडलस्ट हा मंत्र कुठे वापरायचा तेही ठरतं: ४० सेकंद सगळ्यांचा वेग ३० टक्क्यांनी वाढतो, मग १० मिनिटं पुन्हा मिळत नाही. ते चुकीच्या पुलवर गेलं तर पुढचा बॉस त्याच्याशिवाय. प्रत्येक मृत्यूमागे घड्याळातून ५ सेकंद कापायचा नियम सुरुवातीपासून होता. पुढे वरच्या पातळ्यांवर दंड वाढवला. तेवढा दंड परवडतो. परवडत नाही ते मेलेल्याचं परत धावत येणं आणि तोवर एक जण कमी असणं. वेळ चुकली की सहसा किल्लीची (ज्या ‘कीस्टोन’ने हे डंजन सुरू होतं, तिची) पातळी उतरते, म्हणून ज्याची ती किल्ली असते तो जास्त हळवा असतो. त्याच्याशी सांभाळून बोला.

रेडमध्ये?

रेड लीडर. रेड म्हणजे मोठ्या गटाने करायची बॉसची मोहीम. वॉवच्या वीस जणांच्या मिथिक (सर्वांत अवघड) रेडमध्ये तयार आहात का असं विचारलं जातं, मग उलटी मोजणी, मग पुल. टँक दोन असतात आणि बॉसच्या फटक्यांचा वाईट परिणाम एकावर साचत गेला की दुसरा टॉन्ट करून, म्हणजे बॉसला डिवचून, असे आळीपाळीने त्याला अंगावर घेतात. आत शिरल्यावर वेग बॉसचा: बऱ्याच बॉसना ठरावीक वेळेनंतर एन्‍रेज येतो, म्हणजे तो बेभान होतो, आणि तोवर डीपीएसने त्याला संपवलं नाही तर सगळे संपतात. डीपीएसच्या हातात वेग खऱ्या अर्थाने येतो तो इथेच.

नवखा कटसीन (कथेचा चित्रपटासारखा तुकडा) बघतोय आणि बाकीच्यांनी बॉस सुरू केला. हे बरोबर आहे का?

नाही. बॉसची जागा थोड्या सेकंदांत बंद होते, आणि मागे राहिलेला बाहेर उभा राहून बघतो. दोन मिनिटं थांबायला काय जातं?

आपल्याकडून खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) जास्त असतो. त्याने भूमिकेवर फरक पडतो का?

पडतो. भारतात वॉवचे सर्व्हर नाहीत. मुंबई-पुण्याहून युरोपच्या सर्व्हरवर गेलात तर पिंग शंभर मिलिसेकंदांच्या पुढेच असतो. मंत्र मध्येच तोडणं, म्हणजे इंटरप्ट, शेवटच्या क्षणावर ठेवू नका. मंत्राच्या मध्यावरच तोडा. फायनल फँटसीत दोन फटक्यांमधलं अंतर अडीच सेकंदांचं, वॉवमध्ये दीड. त्यामुळे फायनल फँटसी थोडं जास्त माफ करतं. तिथे एक नीट लक्षात ठेवा: जमिनीवरच्या हल्ल्यातून तुम्ही सुटलात की नाही, हे मंत्राची पट्टी संपताना ठरतं, स्फोट दिसतो तेव्हा नाही. पट्टी संपायच्या थोडं आधीच बाहेर पडा. जास्त पिंगवाल्यांनी टँक करू नये, असं काही नाही. वाट पाठ असलेला हळू पिंगचा टँक मला कधीही चालेल.

बीजीएमआय आणि व्हॅलोरंटमध्ये टँक नसतो. तिथे वेग कोण ठरवतं?

बीजीएमआयमध्ये झोन, म्हणजे लहान होत जाणारं सुरक्षित वर्तुळ. एरांगेल हा नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा, शंभर खेळाडू, चौघांचा स्क्वॉड, आणि वर्तुळ आवळत येतं. झोनच्या आधी निघून चांगली जागा धरायची की कडेकडेने मागून यायचं, हा निर्णय आयजीएलचा (इन-गेम लीडर, खेळताना कॉल देणारा). मित्रांच्या स्क्वॉडमध्ये आयजीएल बहुधा ज्याचा आवाज मोठा तो असतो, आणि तोच सगळ्यांत आधी रश करून, म्हणजे शत्रूवर धावून जाऊन, नॉक होतो (जखमी होऊन पडतो). कॉल देणाऱ्याने जिवंत राहायला हवं. पुढे असॉल्टरला, म्हणजे चढाई करणाऱ्याला, जाऊ द्या.

व्हॅलोरंटमध्ये फेरी १०० सेकंदांची; हल्ला करणाऱ्यांचा बॉम्ब, म्हणजे स्पाइक, बसला की ४५ सेकंदांत फुटतो. स्पाइक बसेपर्यंत घाई हल्ला करणाऱ्यांना, बसल्यावर बचाव करणाऱ्यांना. ड्युएलिस्ट आधी घुसतो, पण कंट्रोलरचा धूर पडण्याआधी घुसला तर तो एकटाच घुसतो. मुंबईत सर्व्हर आहेत, त्यामुळे पिंगची सबब इथे चालत नाही.

सगळे मराठीच असतील तर कॉल कसे द्यायचे?

बिनधास्त मराठीत, फक्त कौशल्यांची आणि जागांची नावं खेळातलीच ठेवा. एका वेळी एकानेच बोलायचं. ‘माझ्या डावीकडे’ असं सांगू नका. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं, त्यामुळे तुमची डावी बाजू कोणालाच कळत नाही. बीजीएमआयमध्ये वर कंपासचे आकडे दिसतात, तेच वाचा: ‘२४० ला दोघं, झाडामागे’. डंजनमध्ये तीनच कॉल पुरतात: ‘थांब’, ‘माना’ आणि ‘घे’. ‘घे’ म्हणण्याचा हक्क मात्र हीलरकडेच ठेवा.